प्लगइन आले कुठून? ‘स्रोत’ या रकान्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील ज्या वर्डप्रेस (संकेतस्थळे तयार करण्याचे आणि चालवण्याचे सॉफ्टवेअर) संकेतस्थळांची देखभाल आमच्याकडे आहे, त्यांच्या डॅशबोर्डवरील प्लगइनच्या, म्हणजे संकेतस्थळाला जादा सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या, यादीत आम्ही ‘स्रोत’ नावाचा एक रकाना जोडला आहे. तो दिसू लागल्यापासून दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांपासून येवल्याच्या पैठणी विक्रेत्यांपर्यंत अनेकांचे फोन आणि संदेश येत आहेत. त्यांतील पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लगइनचा ‘स्रोत’ म्हणजे नेमके काय?

या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात: प्लगइन लिहिले कोणी, त्याची फाइल आपल्या संकेतस्थळावर पहिल्यांदा कुठून आली, आणि त्याचे पुढचे अपडेट कुठून येणार. बहुतेक वेळा तिन्हींचे उत्तर एकच असते, त्यामुळे फरक जाणवत नाही. जिथे उत्तरे वेगळी होतात, तिथेच घोटाळे होतात. आमचा रकाना यांतील तिसरी गोष्ट दाखवतो, कारण तुमच्या सर्व्हरवर उद्या सकाळी नवा कोड टाकण्याची ताकद अपडेट जिथून येते त्याच्या हातात असते. तीन वर्षांपूर्वी झिप फाइल कोणी पाठवली होती, यावर ती अवलंबून नसते.

२. वर्डप्रेस ही माहिती आधीपासून दाखवत नाही का? वेगळ्या रकान्याची गरज काय?

थेट दाखवत नाही. काही खुणा मात्र देते. यादीत प्लगइनच्या वर्णनाखाली आवृत्ती आणि लेखकाचे नाव असते, आणि त्यापुढे कधी ‘तपशील पाहा’ अशा अर्थाचा, तर कधी ‘प्लगइनच्या संकेतस्थळाला भेट द्या’ अशा अर्थाचा दुवा असतो. पहिला दुवा असेल तर प्लगइन बहुधा वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, विक्रेत्याची स्वतःची अपडेट यंत्रणा असेल तर तीही तोच दुवा तिथे आणू शकते. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून स्वयंचलित अपडेटचा रकाना दिसतो आणि ज्या प्लगइनला अपडेटचा मार्गच माहीत नाही, त्याच्यापुढे तो रिकामा राहतो. हीसुद्धा एक खूणच आहे. जाणकार माणूस अशा खुणा जोडून निष्कर्ष काढतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसून संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवणे आम्हाला योग्य वाटले नाही.

३. रकान्यात वेगवेगळे शब्द दिसतात. त्यांचा अर्थ काय?

‘अधिकृत संग्रह’ म्हणजे अपडेट वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन संग्रहातून येते. ‘विक्रेता’ म्हणजे ते प्लगइन विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येते. अशा वेळी शेजारी त्या सर्व्हरचे नावही दिसते. ‘आमचे’ म्हणजे ते आम्ही तुमच्यासाठी लिहिले आहे आणि त्यात बदल आम्हीच करतो. ‘अज्ञात’ म्हणजे अपडेटचा कोणताही मार्ग आम्हाला सापडलेला नाही. या शब्दांना आम्ही हिरवा, लाल असे रंग मुद्दाम दिलेले नाहीत. सुरुवातीला दिले होते, पण लोकांनी हिरवा म्हणजे ‘चांगले’ असा अर्थ घेतला, आणि तो अर्थ चुकीचा का आहे हे प्रश्न ५ मध्ये सांगितले आहे.

४. ही माहिती रकाना कशावरून ठरवतो? अंदाजाने तर नाही ना?

नाही. वर्डप्रेस साधारणपणे दिवसातून दोनदा तुमच्या प्लगइनची यादी अधिकृत सर्व्हरकडे पाठवून विचारणा करते. उत्तरात, ओळख पटलेल्या प्रत्येक प्लगइनसाठी झिप फाइल ज्या पत्त्यावरून उतरवायची तो पत्ता असतो. विक्रेत्याची अपडेट यंत्रणाही आपले उत्तर त्याच जागी नोंदवते. आमचा रकाना तो पत्ता वाचतो आणि त्यातील सर्व्हरचे नाव दाखवतो. त्याखेरीज प्लगइनच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर ‘अपडेट यूआरआय’ ही ओळ आहे का, हेही पाहतो. तिच्याविषयी प्रश्न ११ पाहावा.

लेखकाच्या नावावरून मात्र आम्ही काहीही ठरवत नाही. त्याच माथ्यावरील ‘ऑथर’ ही ओळ प्लगइन लिहिणारा स्वतः भरतो, आणि तिथे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. रकान्यातील शब्दावर माउस नेल्यास तो निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, हे एका ओळीत दिसते. आमच्या मते हा या सोयीचा सर्वांत उपयुक्त भाग आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही.

५. ‘अधिकृत संग्रह’ असे दिसले, म्हणजे प्लगइन सुरक्षित आहे असे समजायचे का?

नाही. संग्रहात प्लगइन पहिल्यांदा दाखल होते तेव्हा त्याची तपासणी होते. त्यानंतरचे प्रत्येक अपडेट कोणाच्या नजरेखालून जातेच असे नाही. तरीही संग्रहाचे नियम उपयोगी आहेत. उदाहरणार्थ, संग्रहातील प्लगइनला आपले अपडेट बाहेरच्या सर्व्हरवरून आणण्याची मुभा नाही, आणि प्रत्येक जुनी आवृत्ती तिथे तपासायला उपलब्ध राहते.

निर्यातीची द्राक्षे पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांना हा फरक एका वाक्यात समजतो. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतील नोंदीवरून पेटी कोणत्या प्लॉटमधून निघाली इथपर्यंत माग काढता येतो. पण त्या नोंदीमुळे मालातील औषधांचे अवशेष आपोआप कमी होत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा लागतो. काही बिघडले तर नेमके कुठे जाऊन विचारायचे, हे नोंदीमुळे कळते. स्रोताचा रकाना तेवढेच काम करतो.

६. माझ्या यादीत चार प्लगइनपुढे ‘अज्ञात’ आहे. ती लगेच काढून टाकू का?

कृपया घाईने काढू नका. ‘अज्ञात’ म्हणजे ‘वाईट’ नव्हे. कोण्या ओळखीच्या मुलाने तुमच्यासाठी लिहून दिलेले छोटे प्लगइन, विक्रेत्याचा परवाना संपल्यामुळे अपडेट बंद पडलेले प्लगइन, थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार मांडणीच्या, पोटातून आलेले प्लगइन (प्रश्न १२) अशी सर्व मंडळी त्या एका शब्दाखाली येतात. आधी बॅकअप घ्यावा, मग प्लगइन केवळ निष्क्रिय करून संकेतस्थळाची महत्त्वाची पाने, विशेषतः पैसे भरण्याचे आणि चौकशीचे पान, प्रत्यक्ष वापरून पाहावे. काही दिवसांत काहीच अडले नाही, तर काढून टाकण्यास हरकत नाही. येवल्याच्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर अशा चारपैकी तीन प्लगइन अनावश्यक निघाली. चौथे जीएसटीसह बिल तयार करणारे होते आणि ते काढले असते तर दिवाळीच्या तोंडावर विक्री थांबली असती.

७. मोफत प्लगइनचा स्रोत ‘अधिकृत संग्रह’ आणि त्याच्याच प्रो भागाचा ‘विक्रेता’ असे कसे?

ती दोन वेगळी प्लगइन आहेत. एलिमेंटर आणि एलिमेंटर प्रो, किंवा योस्ट एसईओ आणि योस्ट एसईओ प्रीमियम या जोड्या याच पद्धतीच्या आहेत: मोफत भाग संग्रहात असतो आणि विकतचा भाग कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. परवान्याची मुदत संपली की प्रो भाग सहसा चालू राहतो, पण त्याचे अपडेट येत नाही. मोफत भाग मात्र पुढे जात राहतो आणि काही महिन्यांनी दोघांचे जमेनासे होते. जोडीतील एकाच्याच आवृत्तीचा आकडा बराच पुढे गेलेला दिसला, तर आधी परवान्याची तारीख पाहावी.

८. विकतचे प्लगइन ग्रुपवर फुकट मिळाले. ते जीपीएल परवान्याचे असते, मग अडचण काय?

जीपीएल परवाना कोड पुढे वाटण्यास परवानगी देतो हे खरे आहे, त्यामुळे प्रश्न नेहमीच कायद्याचा असतो असे नाही. अडचण ही आहे की ती झिप फाइल तुमच्यापर्यंत येण्याआधी कोणाच्या हातांतून गेली हे सांगता येत नाही आणि परवाना-तपासणी काढण्यासाठी ती एकदा उघडली गेलेलीच असते. उघडणाऱ्याने तेवढ्यावरच थांबावे असे त्याच्यावर बंधन नाही. अशा प्लगइनपुढे आमचा रकाना ‘अज्ञात’ दाखवतो आणि आम्ही ते देखभालीत घेत नाही.

९. प्लगइन अनेक वर्षे चांगले चालले आणि मग त्यातूनच त्रास सुरू झाला, असे होते का?

होते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘डिस्प्ले विजेट्स’ हे प्लगइन. ते सुमारे २ लाख संकेतस्थळांवर होते. २०१७ मध्ये मूळ निर्मात्याने ते विकले, आणि नव्या मालकाने पुढच्या आवृत्त्यांमध्ये असा कोड घातला की, बाहेरून त्या संकेतस्थळांवर जाहिरातीची पाने घुसवता येऊ लागली. ती पाने लॉग-इन केलेल्या माणसाला दिसत नसत. म्हणजे मालकाने स्वतःचे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर सर्व काही ठीक दिसे. संग्रहाने ते प्लगइन वारंवार काढले आणि अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये कायमचे बंद केले.

या संपूर्ण काळात त्याचा स्रोत ‘अधिकृत संग्रह’ हाच होता. म्हणून आमचा रकाना आता मागील आवृत्तीतील लेखकाचे नाव लक्षात ठेवतो आणि अपडेटनंतर ते बदललेले आढळल्यास ‘लेखक बदलला’ अशी सूचना देतो. प्रश्न ४ मध्ये आम्ही म्हटले की लेखकाच्या नावावर विश्वास ठेवत नाही. तरी ते नाव अचानक बदलणे ही चौकशी करण्याजोगी गोष्ट नक्कीच आहे. नवा मालक जुनेच नाव ठेवून बसला, तर ही सूचना येणार नाही.

१०. मी काहीच केले नाही, तरी यादीतील एका प्लगइनचे नाव बदलले. संकेतस्थळ हॅक झाले का?

बहुधा नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी अधिकृत संग्रहातील ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनची जागा वर्डप्रेसच्या संग्रहचालकांनी स्वतःकडे घेऊन त्याचे नाव ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ असे केले. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि ते प्लगइन ज्या कंपनीकडे होते ती डब्ल्यूपी इंजिन यांच्यातील वादाचा तो एक भाग होता. ज्यांची अपडेट संग्रहातून येत होती, त्यांच्याकडे अपडेटसोबत नाव आणि कोड सांभाळणारे दोन्ही बदलले. ज्यांनी त्याच प्लगइनची कंपनीकडून घेतलेली प्रत बसवली होती, त्यांच्याकडे काहीच हलले नाही. पुढे अमेरिकेतील न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती जागा मूळ निर्मात्यांकडे परत गेली.

या वादात कोण बरोबर, याविषयी आमच्या कार्यालयातच दोन मते आहेत. पण फाइल तीच असूनही अपडेटचा मार्ग वेगळा असल्यामुळे दोन ग्राहकांच्या यादीत एकाच दिवशी दोन वेगळी नावे दिसू शकतात, हे त्या आठवड्यात फोनवर समजावताना आम्हाला या रकान्याची गरज पटली.

११. आमच्यासाठी खास लिहिलेल्या प्लगइनला ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असे का दिसते? दाबू का?

दाबू नका आणि आधी आम्हाला कळवा. ही चूक आमच्याच हातून झालेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी पंचवटीतील एका यात्री निवासासाठी आम्ही खोल्यांच्या आरक्षणाचे प्लगइन लिहिले आणि त्याच्या फोल्डरला अगदी साधे, कोणालाही सुचेल असे नाव दिले. त्याच नावाचे एक परके प्लगइन अधिकृत संग्रहात होते. आमची आवृत्ती १.२ होती, त्यांची ३ च्या पुढे गेलेली. वर्डप्रेसने नाव जुळले म्हणून ते आमच्या प्लगइनचे अपडेट मानले. श्रावणातल्या एका सोमवारी, त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्यांची गर्दी असताना, व्यवस्थापकांनी सूचना पाहून ते बटण दाबले. आमचे फोल्डर पुसले जाऊन परके प्लगइन तिथे आले, आणि आरक्षणाच्या पानावर फॉर्मच्या जागी चौकटी कंसातील एक उघडा शब्द तेवढा उरला. आदल्या रात्रीचा बॅकअप परत बसवेपर्यंत दुपार झाली. तोवर त्यांनी वहीत नोंदी करून काम चालवले.

जुलै २०२१ मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीपासून यावर नीट उपाय आहे. प्लगइनच्या माथ्यावर ‘अपडेट यूआरआय’ ही ओळ लिहून तिथे आपल्या सर्व्हरचा पत्ता दिला, किंवा नुसते ‘फॉल्स’ लिहिले, तरी अधिकृत संग्रहातील समान नावाचे प्लगइन त्यावर येऊन बसत नाही. आमच्या सर्व प्लगइनमध्ये आता ती ओळ आहे, आणि फोल्डरच्या नावाआधी आम्ही ठरावीक अक्षरेही जोडतो. दुसऱ्या कोणाकडून प्लगइन लिहून घेत असाल, तर काम ताब्यात घेताना ही ओळ आहे का, एवढे जरूर विचारा.

१२. मी कधीच बसवलेले नाही असे स्लायडरचे प्लगइन यादीत कसे आले?

विकतच्या थीममध्ये अशी प्लगइन झिप फाइलच्या रूपात आतच ठेवलेली असतात आणि थीम सुरू करताना ‘आवश्यक प्लगइन बसवा’ या एका बटणाने ती येतात. परवाना थीमच्या निर्मात्याकडे असतो, तुमच्याकडे नसतो. त्यामुळे अपडेटही थीमने दिले तरच मिळते. अशा प्लगइनपुढे आम्ही ‘अज्ञात’ शेजारी ‘थीमसोबत’ असे लिहितो, मात्र थीमच्या फोल्डरमध्ये ती झिप प्रत्यक्ष सापडली तरच.

यातला धोका २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसला. ‘स्लायडर रेव्होल्यूशन’ मधील एक गंभीर त्रुटी निर्मात्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ते प्लगइन असंख्य थीममध्ये गुंडाळून दिलेले असल्याने दुरुस्ती तिथपर्यंत पोहोचली नाही. त्या वर्षी डिसेंबरमध्ये ‘सोक-सोक’ नावाने ओळखला गेलेला हल्ला त्याच वाटेने झाला आणि गुगलने ११ हजारांहून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकली. त्यांतील अनेकांना आपल्याकडे ते प्लगइन आहे हेच माहीत नव्हते.

१३. यादीत नसलेले प्लगइनही चालू असू शकते का?

होय. ‘एमयू-प्लगइन्स’ या फोल्डरमधील फाइल आपोआप चालतात, त्या डॅशबोर्डवरून निष्क्रिय करता येत नाहीत आणि त्यांना अपडेटची सूचना येत नाही. होस्टिंग कंपन्या आपली यंत्रणा बऱ्याचदा तिथेच ठेवतात. कॅशसाठीच्या (पान लवकर उघडावे म्हणून तयार प्रत साठवणाऱ्या) ‘ड्रॉप-इन’ फाइलही वेगळ्या असतात. यादीच्या वर या दोन्हींसाठी स्वतंत्र दुवे दिसतात. ते उघडून पाहावेत. आमचा रकाना तिथे फक्त फाइल बदलल्याची तारीख दाखवतो.

१४. संग्रहाने एखादे प्लगइन बंद केले, तर मला कळेल का?

डॅशबोर्डवर वर्डप्रेस आपणहून तसे सांगत नाही. प्लगइन चालूच राहते, फक्त अपडेट येणे थांबते. संग्रहातील त्याच्या पानावर मात्र बंद केल्याची तारीख लिहिलेली असते. आम्ही ती पाने आठवड्यातून एकदा तपासतो आणि आढळल्यास ‘संग्रहातून बंद’ असे दाखवतो. बंद होण्याचे कारण सुरक्षेचे असेलच असे नाही. अनेकदा निर्माताच कंटाळून विनंती करतो.

१५. गिटहबवरून घेतलेली झिप बसवली, तर तेच प्लगइन दोनदा का दिसते?

गिटहब हे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ते संकेतस्थळ. ते झिप तयार करताना फोल्डरच्या नावाला कोडच्या शाखेचे नाव, बहुधा ‘-मेन’, असे शेपूट जोडते. फोल्डरचे नाव वेगळे झाल्यामुळे वर्डप्रेस ते निराळे प्लगइन समजते. दोन्ही एकाच वेळी सक्रिय केल्यास संकेतस्थळ बंद पडू शकते. शेपूट काढून मगच झिप चढवावी. याउलट अधिकृत संग्रहातून उतरवलेली झिप हाताने चढवली, तर पुढची अपडेट संग्रहातूनच येतात आणि रकान्यातही तसेच दिसते. फाइल हाताने चढवली होती, याची नोंद वर्डप्रेस ठेवत नाही.

१६. आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत आणि आमच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगइन मॅनेजर लिहीत आहोत. स्रोत कसा दाखवावा?

आधी इतरांची पद्धत पाहा. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या तपशिलात ‘स्रोत’ अशी स्वतंत्र नोंद असते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनच्या भांडारांची यादी सेटिंगमध्ये दिसते, तिच्यात स्वतःचे भांडार जोडता येते, आणि प्रायोगिक प्लगइन वापरकर्त्याने खूण केल्याशिवाय समोर येत नाहीत. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टेन्शनच्या प्रकाशकाच्या नावापुढील खूण त्याने डोमेनची मालकी सिद्ध केल्याचे सांगते. कोड तपासल्याचे ती सांगत नाही, पण बहुतेक लोक तसेच समजतात.

आमचा सल्ला इतकाच की, प्लगइन बसवताना ते कोणत्या भांडारातून आले हे तिथेच नोंदवून ठेवा, कारण नंतर ते शोधणे फार अवघड जाते. एकच ओळख दोन भांडारांत आढळली तर आपोआप निवड करू नका, माणसाला विचारा. आणि माहिती नसेल तिथे रकाना रिकामा सोडू नका; रिकामी जागा पाहून लोक ‘काही अडचण नाही’ असे धरून चालतात.

१७. स्रोत बरोबर आहे, पण फाइलमध्ये नंतर कोणी फेरफार केला असेल तर?

तो या रकान्यात दिसणार नाही. अधिकृत संग्रहातील प्लगइनसाठी डब्ल्यूपी-सीएलआय या, आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळण्याच्या साधनात चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) पडताळण्याची आज्ञा आहे. ती सर्व्हरवरील प्रत्येक फाइल संग्रहातील मूळ फाइलशी जुळवून बदललेल्या आणि जास्तीच्या फाइलची नावे सांगते. विकतच्या प्लगइनना ही सोय नाही. तिथे विक्रेत्याच्या खात्यातून त्याच आवृत्तीची ताजी झिप उतरवून दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून तुलना करावी लागते. त्यासाठी खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असणे आवश्यक आहे; ज्यांचे प्लगइन आधीच्या डेव्हलपरच्या नावावर घेतलेले आहे, त्यांनी ते खाते हस्तांतरित करून घेण्याचे काम संकेतस्थळ सुरळीत चालू असतानाच उरकावे.